बोटीत बसायची तालीम

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी समुद्र बघायचं ठरवलं तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. ही गोष्ट दुसरी मोठी लढाई पेटायच्या दोन-तीन वर्षं आधीची. मी एकोणीस वर्षांची होते. त्या काळी वऱ्हाडातल्या आमच्या केनवडची बाई गाव सोडून निघाली, तर ती देवाला निघाली असेल, लग्नाला किंवा मयतीला. नुसतं काहीतरी बघायला म्हणून कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं.

घरात आम्ही चौघं होतो. मामंजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई, माझे यजमान आणि मी. पाचवी माझी मुलगी होती, ती अकरा महिन्यांची होऊन श्रावणात तापानं गेली. दोनच दिवसांचा ताप. त्यानंतर मी बोलायची बंद झाले. मुद्दाम नव्हे. कुणी विचारलं तर हो-नाही म्हणत असे, भाकरी थापत असे, शेणपाणी करत असे, कापूस वेचायला जात असे. पण आपणहून तोंडातून शब्द निघत नव्हता. घशाशी यायचा आणि तिथेच विरायचा. बायका आधी कळवळल्या, मग कंटाळल्या.

चैत्रात कुणीतरी सांगितलं की हिला पोहरादेवीला न्या, नवस बोला, कूस पुन्हा उजवेल. आत्याबाई मला घेऊन गेल्या. बैलगाडीनं जाऊन-येऊन आठवडा लागला. जत्रेची गर्दी, आणि त्या गर्दीत बघावं तिकडे कडेवरची पोरं. नवस फेडायला आणलेली, काजळ लावलेली, नवी झबली घातलेली. मी देवीपुढे हात जोडून उभी राहिले, पण मागायचं काय तेच सुचेना. मला दुसरं मूल नको होतं, तीच हवी होती. परतीच्या वाटेवर आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या.

दिवाळीनंतर यजमानांच्या मित्राचं पत्र आलं. हा मित्र कोकणातला. वडिलांच्या नोकरीमुळे काही वर्षं अकोल्याला होता, तिथं दोघं एका बाकावर शिकले. आता तो रत्नागिरीला शाळामास्तर होता. दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं आणि त्यात दर वेळी तेच असायचं, की एकदा या, मुंबईहून बोटीनं एका दिवसात येता येतं, समुद्र बघून जा. यजमानांनी पत्र जेवताना मोठ्यानं वाचलं, नेहमीसारखं हसले आणि घडी घालू लागले.

"मी जाईन," आत्याबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"बोटीत. मले समुद्र पाहाचा हाय. सूनबाईले संग नेईन, तू पोचवाले चाल."

मामंजींचा घास हातातच राहिला. "तू?" एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, बायकोची ही हौस ऐकून ते चकित झाले असतील. आत्याबाईंनी त्यांच्या ताटात कालवण वाढलं आणि विषय संपवला.

दोन दिवसांत गावभर झालं. विहिरीवर बायका विचारू लागल्या, "काय व, कोनत्या देवाले जाऊन राह्यल्या?"

"देवाले नाही," आत्याबाई सांगत, "पान्याले."

"पानी काय इथं नाही?"

"हाय ना. पन तिकडे लय हाय म्हनतात."

भाऊबंदांतले एक म्हातारे मुद्दाम सांगायला आले, की समुद्र ओलांडला तर माणूस बाटतो, परत आल्यावर पंक्तीला बसवता येणार नाही. मामंजींनी त्यांना पान लावून दिलं आणि शांतपणे म्हणाले, "वलांडून कोन राह्यलं? रत्नागिरी अलीकडच्याच काठाले हाय." पान खाऊन म्हातारे गेले.

बोट प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस आमच्या गावात एकच होतं. बाजाराच्या गल्लीत जैन शेठचं किराणा दुकान होतं, त्यांची बायको. तिचं माहेर कच्छकडचं. लग्न होऊन ती बोटीनं मुंबईला उतरली आणि तिथून वऱ्हाडात आली होती. तीस वर्षं इथं राहून तिची भाषा अर्धी आमची झाली होती. आत्याबाई मला घेऊन तिच्याकडे गेल्या. शेठाणीबाईंनी आम्हांला आत बसवलं, आणि आपल्याला कुणीतरी बोटीबद्दल विचारतंय याचा त्यांना इतका आनंद झाला की दुकानातलं गिऱ्हाईक शेठजींवर सोडून त्या तासभर सांगत बसल्या.

"पोट रिकामं ठेवायचं नाही, अन् भरायचं बी नाही. सुंठ-गुळाची गोळी तोंडात धरायची. लिंबू जवळ ठेवायचं. कडेला बसायचं नाही, मधी बसायचं. अन् पायाखालचं पाणी बघायचं नाही. बघायचं तर दूर, जिथं पाणी संपते तिथं बघायचं."

"हालते काय लय?" आत्याबाईंनी विचारलं.

"हालते तर. पन भिण्यासारखं काही नाही हो. पाळणा हालल्यासारखी..." शेठाणीबाई म्हणाल्या आणि थांबल्या. माझी गोष्ट त्यांना माहीत होती. मग त्यांनी घाईनं विषय सावरला. "झोका. झोका घ्यायचा रोज. आमच्याकडे बोटीत जायच्या आधी बायका झोक्यावर बसतात. पोटाला सवय होते."

ही रीत खरीच कच्छात होती की त्या क्षणी त्यांना सुचली, मला आजही ठाऊक नाही. पण आत्याबाईंनी ती गाठीला बांधली. दुसऱ्याच दिवशी आमच्या अंगणातल्या निंबाला दोर बांधून पाट अडकवला गेला. झोका घ्यायचा तो नागपंचमीला, इतर दिवशी नाही. इथं पौषाची थंडी, आणि पन्नाशीची बाई निंबाखाली झोके घेतेय. कुंपणापलीकडून जाणारे लोक थांबायला लागले.

"पंचमी कवा आली व?" एकीनं विचारलं.

"तुमची अजून याची हाय, आमची आली," आत्याबाई झोक्यावरून म्हणाल्या.

रोज दुपारी जेवणं आटोपली की आधी त्या बसत आणि मी झोका द्यायचा, मग मी बसायचं आणि त्यांनी द्यायचा. त्या डोळे मिटून, दोर घट्ट आवळून बसत. ओठ हलत असत. मला वाटे, देवाचं नाव घेताहेत. बसून उतरल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडलेला असे, पण त्या म्हणत, "आज कालच्यापेक्षा बरं झालं." मला मात्र झोक्याचं काहीच होत नव्हतं. निंबाच्या फांद्या वर-खाली होताना मी बघत बसे. एक दिवस त्या उतरताना पाटासकट तोल जाऊन धपकन खाली बसल्या, आणि माझ्या तोंडून हसू फुटलं. दीड वर्षात पहिल्यांदाच. मी पटकन तोंडावर पदर धरला. आत्याबाईंनी वर बघितलं नाही. लुगड्याची माती झटकत त्या खालीच बसून राहिल्या, चांगला बराच वेळ.

तयारी अशी महिना-दीड महिना चालली. आम्ही गेल्यावर मामंजींचं जेवण कोण करणार, हा प्रश्न होता. चुलत्यांच्या घरून डबा आला असता, पण मामंजी म्हणाले, "मी थापीन भाकर." मग आत्याबाईंनी त्यांना चुलीपुढे बसवलं. पहिल्या दिवशीची भाकर परातीतून उचलताना तीन तुकडे झाली. तिसऱ्या दिवशी अख्खी उचलली गेली, पण तव्यावर एका बाजूनं काळी. मामंजींनी ती मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ली आणि म्हणाले, "चालते."

मित्राच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून नव्या तुरीची डाळ आम्ही जात्यावर भरडली, पाखडली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधली. तुपाचं गाडगं कापडानं तोंड बांधून ठेवलं. देवकपाशीच्या वाती वळल्या. आत्याबाईंचं म्हणणं, तिकडे भात न् मासे असतील, पण आपल्यासारखा कापूस कुठून असेल? वाटेसाठी दशम्या, तिखटाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी. शेठाणीबाईंनी खाकऱ्यांचा एक डबा पाठवला आणि आपली पत्र्याची पेटीही पाठवली. ती पेटी एकदा बोटीतून आलेली होती, तेव्हा वाट तिला माहीत आहे, असा निरोप.

लुगड्याचीही तालीम झाली. बोटीवर वारा फार असतो, असं मित्रानं लिहिलं होतं. आत्याबाईंनी पदर कसा खोचायचा, कासोटा किती घट्ट घालायचा, हे मला दाखवलं आणि गोठ्याच्या माळ्यावर जायच्या शिडीवरून दोनदा वर-खाली करायला लावलं. बोटीला शिडी असते, हेही पत्रातलंच.

निघायला तीन दिवस उरले आणि माझा धीर सुटला. तो दिवस मला स्वच्छ आठवतो. पेटी भरता भरता तळाला हात गेला आणि एकाएकी वाटलं, आपण कशासाठी जातोय? ती इथं, याच मातीत आहे, आणि आपण समुद्र बघायला निघालो. यजमानांनी पेटी भरली का म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "मी येत नाही. आत्याबाईंची हौस आहे, त्यांना घेऊन जा." ते समजावू लागले, मी ऐकलं नाही. गोठ्यात जाऊन शेण गोळा करत बसले.

मामंजी माझ्याशी कधी थेट बोलत नसत. सुनेशी बोलायचं नाही, अशीच तेव्हा रीत होती. पाणी हवं असलं तरी ते हवेत म्हणत, "पानी पाह्यजे होतं." त्या दिवशी ते गोठ्यात आले, मी कोपऱ्यात बसलेली त्यांनी पाहिली आणि बैलाजवळ जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. मग बैलाशी बोलू लागले.

"पाह्य गड्या, तुले एक गोठ सांगतो. माह्या बायकोनं आजवर नदी पायानं वलांडली नाही. गाडीत बसली तरी डोये मिटते. नऊ वर्साची होती तवा पैनगंगेच्या पुरात धाकट्या भावासंगं वाहून गेली. हिच्या हाताले फांदी लागली. भाऊ सापडला नाही. तवापासून पानी पाह्यलं का हिचे हातपाय थंड पडतात." बैलानं कान हलवला. मामंजींनी त्याची पाठ थोपटली. "अन् ते आता समुद्रात जाऊन राह्यली. कोन्या हौसीनं जात असन? घरातलं एक मानूस मुकं झालं, त्याच्यासाठी जाऊन राह्यली. मले म्हने, देवापुढं नेलं त तिथं मागा लागते. पोरीजवळ मागाचं बळच नाही राह्यलं. जिथं कायी मागा लागत नाही, तिथं नेईन तिले. आता त्या मानसानंच नाही म्हटलं त मी काय करू? सांग बरं."

त्यांनी बैलापुढे कडब्याची पेंडी टाकली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी शेणाचे हात तसेच धरून बसले होते. झोक्यावर मिटलेले डोळे, दोराला आवळलेली बोटं, हलणारे ओठ, सगळं एकदम उमगलं. दीड वर्ष मला वाटत होतं की माझं दुःख माझ्या एकटीचं आहे आणि घरातली माणसं आपापल्या कामात आहेत. किती चुकत होते मी. संध्याकाळी मी पेटी भरून टाकली.

माघात आम्ही निघालो. बैलगाडीनं वाशीम, तिथून मोटारीनं अकोला, अकोल्याहून आगगाडीनं मुंबई. मुंबईचं मला फारसं आठवत नाही. एका धर्मशाळेत उतरलो होतो आणि सकाळी घोडागाडीनं धक्क्यावर गेलो, इतकंच. धक्क्यावर हमालांचा, फेरीवाल्यांचा गलका होता. आणि मग पुढे कुणी आडवं आलं नाही अशा एका जागी ते पाणी दिसलं.

आत्याबाई थबकल्या. माझं मनगट त्यांनी पकडलं. हात बर्फासारखा होता.

"घरी जायचं का, आत्याबाई?" मी विचारलं. मी खरंच विचारत होते.

"चाल," त्या म्हणाल्या. "शिडी कुठं हाय?"

बोटीवर आम्ही उघड्या डेकवर, शेठाणीबाईंनी सांगितल्याप्रमाणे बरोबर मधोमध सतरंजी टाकली. आजूबाजूला कोकणातली माणसं ट्रंका, करंड्या, पोरंबाळं घेऊन अशी पसरली होती की जणू घरच्या ओसरीवर बसलीत. भोंगा झाला, बोट हलली आणि तासाभरात आत्याबाईंच्या सगळ्या झोक्यांवर पाणी फिरलं. त्यांना उलट्या सुरू झाल्या. यजमान धावपळ करू लागले. मला काहीच झालं नव्हतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, लिंबू हुंगायला दिलं, सुंठेची गोळी दिली. पोट जरा थांबलं, पण भीती थांबेना. त्यांचं सगळं अंग थरथरत होतं.

"दूर बघा, आत्याबाई. पाणी संपतं तिथं बघा."

"ते संपतच नाही व," त्या म्हणाल्या. मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "बोल. कायी बी बोल. तू बोलली का मले पानी दिसत नाही."

काय बोलावं मला कळेना. मी पेरणीचं बोलले. शेजारच्या शेतातल्या बोरीचं बोलले. माझ्या माहेरचं, किन्हीराजाचं, तिथं आम्ही बहिणी भुईमूग उपटायला जायचो त्याचं बोलले. थांबले की मनगटावरची पकड आवळायची, म्हणून थांबता येत नव्हतं. दीड वर्ष जेमतेम वापरलेला माझा आवाज घोगरा येत होता. ऊन डोक्यावर आलं. डाव्या हाताला डोंगर आणि माडांची रांग सरकत होती. मी बोलतच होते. माहेर संपलं, लग्न संपलं, सासरी आल्यावरचं सांगून झालं, आणि त्यानंतर सांगायला तीच होती. मी तिच्याबद्दल बोलायला लागले. ती झाली त्या दिवशी केवढा पाऊस होता. तिला दात यायला लागले तेव्हा ती कशी चिडायची. माझ्या बांगड्या वाजल्या की हातपाय कशी झाडायची.

आत्याबाईंचं थरथरणं थांबलं होतं. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "माह्या पदराचं टोक चघळाची. सारं लुगडं वलं करे. ते लुगडं मी अजून धुतलं नाही."

दोघी रडलो. उघड्यावर, सगळ्यांदेखत. यजमान पाठमोरे होऊन समुद्राकडे बघत उभे राहिले. शेजारच्या एका कोकणी बाईनं न विचारता आमच्यापुढे एक शहाळं आणून ठेवलं.

उन्हं कलल्यावर रत्नागिरी आली. बोट किनाऱ्याला लागत नव्हती, दूर उभी राहिली. तिथून शिडीनं छोट्या पडावात उतरायचं होतं. पडाव लाटेबरोबर वर येत होता, खाली जात होता. खलाशानं हात पुढे केला. आत्याबाईंनी आधी मला पाठवलं. मग शिडीच्या शेवटच्या पायरीवर त्या उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि डोळे उघडे ठेवून उतरल्या. पडावात बसल्यावर त्यांनी कडेवरून हात खाली सोडला. दोन बोटं पाण्यात बुडवली, काढून घेतली, लुगड्याला पुसली.

मित्राच्या घरी आम्ही आठ दिवस राहिलो. त्या घरच्या माणसांनी आमचं जे केलं ते मी विसरणार नाही. पण त्याहूनही मनात राहिलं ते आमच्याच घरचं. मला पुढे दोन मुलगे झाले, सुखाचे दिवस आले. आमच्या घरात उपकाराची भाषा नव्हती, आत्याबाईंना मी कधी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असं त्या गेल्यावर फार वाटलं. मामंजींनी तर पुढेही माझ्याशी थेट चार शब्दही कधी बोलून दाखवले नाहीत. तरी त्या दोघांनी मला जे परत दिलं, ते माझ्या आईवडिलांनी दिलं त्याहून कमी नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मित्र म्हणाले, "आईंना बोटीचा फार त्रास झाला. परत जाताना मोटारीनं घाट चढून कोल्हापूरला जा, तिथून आगगाडी मिळेल." यजमानांनाही ते पटलं.

आत्याबाई अंगणात वाळूनं भरलेले पाय धूत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कायले? बोटीनंच जाऊ. सूनबाईचं अजून लय बोलाचं राह्यलं हाय."

तसंच झालं. परतीलाही त्यांना उलट्या झाल्या, आणि मी मुंबई येईपर्यंत बोलत होते.